यंत्र कसे बोलते? : एका अभ्यासमंडळाची हकिकत



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला आणि एक चांगली सवय महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली. दिवसाचे काम आटोपल्यावर चार माणसांनी एकत्र बसावे, न समजणारी गोष्ट समजून घ्यावी आणि शंका असेल तर उठून विचारावी, ही ती सवय. कामगार चळवळीत याच गोष्टीला अभ्यासमंडळ म्हणतात. आमचे स्वतःचे शिक्षण बहुतांशी अशा अभ्यासमंडळांतच झाले. सबब आजचा विषय आम्ही कोणत्याही कॉलेजात शिकलेलो नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. विषय आहे कृत्रिम बुद्धिमत्ता. एका नगर वाचनालयातील सहा कर्मचाऱ्यांबरोबर बसून, मुळाक्षरे गिरवावीत तसा आम्ही तो गिरविला. जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रसंग कसा उद्भवला

एके दिवशी एक वयस्कर वाचक अकरा पुस्तकांची यादी घेऊन वाचनालयात आले. विषय होता महाराष्ट्रातील दुष्काळ. यादी मोठी नेटकी होती. प्रत्येक पुस्तकापुढे लेखकाचे नाव, प्रकाशकाचे नाव आणि वर्ष. निर्गम सहायक बाईंनी तालिका पाहिली, शिपाईमामांनी कपाटे धुंडाळली, ग्रंथपालबाईंनी इतर दोन ग्रंथालयांना दूरध्वनी केले. दोन दिवसांत चार पुस्तके सापडली. उरलेली सात कोठेच मिळेनात. वाचकांनी लेखी तक्रार केली की, येथील कर्मचाऱ्यांना स्वतःची पुस्तके ठाऊक नाहीत आणि शोधण्याची तसदीही ते घेत नाहीत. कार्यकारी मंडळाने तिघांकडून खुलासा मागविला.

खुलासा लिहिण्याच्या निमित्ताने ग्रंथपालबाईंनी त्या गृहस्थांना नम्रपणे विचारले, “काका, ही यादी आपल्याला कोठे मिळाली?” तेव्हा कळले की ती त्यांना त्यांच्या फोनमधल्या बोलक्या यंत्राने दिली होती. त्यांचा त्यात काही कपट नव्हता. यंत्राने इतक्या खात्रीने सांगितल्यावर पुस्तके असणारच, असे त्यांना वाटले. ती सात पुस्तके कोणी कधी लिहिलीच नव्हती.

याच सुमारास मंडळाच्या सभेत आणखी एक बोलणे निघाले होते. निर्गम विभागातील एक जागा निवृत्तीमुळे रिकामी व्हायची होती. ती भरण्याऐवजी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे असेच एखादे यंत्र का घेऊ नये, असा प्रश्न एका सभासदांनी काढला. अनुदान हप्त्याहप्त्याने येते, पगाराची ओढाताण असते, तेव्हा असा विचार कोणाच्या मनात येणे अगदीच अस्वाभाविक नव्हे. पण कर्मचारी घाबरले आणि त्यांनी आम्हांला बोलावले. यंत्राला विरोध करायचा की होकार द्यायचा, हे आम्ही सांगावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही म्हणालो, “जी वस्तू आपल्याला कळत नाही तिला होही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. आधी शिकू या.” दर बुधवारी वाचनालय बंद झाल्यावर तासभर बसायचे ठरले. नियम दोनच केले. न कळलेला शब्द कोणी वापरला तर कोणीही त्याला अडवावे. आणि जे शिकलो ते पुढच्या बुधवारी दुसऱ्याने आपल्या शब्दांत सांगावे.

गाळलेल्या जागा भरा

पहिल्या बैठकीला आम्ही फोन किंवा संगणक उघडलाच नाही. ग्रंथपालबाईंनी फळ्यावर लिहिले, ‘नाचता येईना अंगण …’. सगळ्यांनी आपापल्या कागदावर पुढचा शब्द लिहिला. सर्वांचा शब्द एकच, ‘वाकडे’. ‘दुष्काळात तेरावा …’ या जागी सर्वांनी ‘महिना’ लिहिले. ‘सकाळी उठून मी चहा …’ येथे मात्र फाटे फुटले. कोणी ‘घेतला’ लिहिले, कोणी ‘केला’, कोणी ‘प्यायलो’. यांपैकी चूक कोणतेच नाही. काही अधिक संभवनीय, काही कमी.

मग बाईंनी चौथे वाक्य लिहिले, ‘आपल्या वाचनालयाच्या सर्वांत जुन्या पावतीवर वर्गणी … आणे लिहिली आहे.’ कोणी चार लिहिले, कोणी आठ, कोणी बारा. बाईंनी कपाटातून जुने पावतीपुस्तक काढले. त्यावर सहा आणे होते. एकाचेही उत्तर बरोबर आले नाही. तरी प्रत्येकाचे उत्तर पटण्याजोगे होते, आणि वाक्यही बिनचूक मराठी होते.

पुढे महिनाभर आम्ही जे शिकलो त्याचे सगळे बीज या खेळात होते. म्हणी पुऱ्या करताना आणि वर्गणीचा आकडा भरताना आमचे डोके एकच क्रिया करीत होते. ऐकलेल्या-वाचलेल्या भाषेवरून पुढचा शब्द ताडणे. म्हणीच्या बाबतीत ताडलेला शब्द खराही ठरला, कारण म्हण हजार वेळा तशीच ऐकलेली असते. पावतीच्या बाबतीत तो खरा ठरण्याचे काही कारणच नव्हते. त्यासाठी उठून कपाट उघडावे लागते.

बोलक्या यंत्राच्या पोटात मूळ क्रिया हीच आहे. आतापर्यंतचा मजकूर पाहून पुढचा तुकडा कोणता येईल हे ताडायचे, तो लिहायचा, आणि तो धरून त्यापुढचा ताडायचा. याप्रमाणे तुकड्याला तुकडा जोडून त्याचे पानभर उत्तर तयार होते.

ही कल्पना आजची नाही. आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने १९१३ साली पुश्किनच्या ‘येव्गेनी ओनेगिन’ या पद्य-कादंबरीतील पहिली २०,००० अक्षरे हाताने मोजली. त्याला आढळले की शेकडा ४३ अक्षरे स्वर आहेत. पण नुकताच एक स्वर येऊन गेला असेल तर लगेच दुसरा स्वर येण्याचे प्रमाण शेकडा १३ च उरते, आणि व्यंजन येऊन गेले असेल तर ते शेकडा ६६ पर्यंत चढते. म्हणजे मागे काय आले यावरून पुढे काय येईल याचा अंदाज बांधता येतो, आणि तो आकड्यांत मांडता येतो. पुढे १९४८ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात पुस्तकाची पाने कोठेही उघडून, शब्दामागून शब्द उचलून, इंग्रजीसारखी भासणारी वाक्ये रचून दाखविली. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव त्यानंतरचे. जॉन मॅकार्थी व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९५५ साली एका परिषदेच्या प्रस्तावात ते वापरले, आणि १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ येथे ती परिषद भरली.

चिठ्ठ्यांचे यंत्र

शॅननची रीत आपणही करून पाहू, असे लिपिकाने सुचविले. साहित्य घरचेच होते. जुनी तालिकापत्रे घेतली. ग्रंथांच्या नावांतील प्रत्येक शब्दासाठी एक कागदी पाकीट केले, आणि त्या शब्दानंतर जो शब्द आला त्याची चिठ्ठी त्या पाकिटात टाकली. विश्राम बेडेकरांचे ‘एक झाड आणि दोन पक्षी’, वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’, पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’, गं. बा. सरदारांचे ‘गांधी आणि आंबेडकर’, अशी नावे होती. ‘एक’ या पाकिटात ‘झाड’ आणि ‘होता’ अशा चिठ्ठ्या पडल्या. ‘आणि’ या पाकिटात ‘दोन’, ‘वल्ली’, ‘आंबेडकर’ अशा पडल्या.

मग डोळे मिटून चिठ्ठ्या काढायला आरंभ केला. ‘एक’ पासून सुरुवात. त्या पाकिटातून ‘झाड’ निघाले. ‘झाड’च्या पाकिटात ‘आणि’ होते. ‘आणि’च्या पाकिटातून निघाले ‘वल्ली’. पुढे काही नव्हते, म्हणून थांबलो. फळ्यावर नाव उमटले, ‘एक झाड आणि वल्ली’.

शिपाईमामा चटकन म्हणाले, “हे आपल्याकडं आहे की. वरच्या कपाटात बघितलंय मी.”

तीस वर्षे कपाटे लावलेल्या माणसालाही क्षणभर ते पुस्तक पाहिल्यासारखे वाटले. सगळे हसले, मामाही हसले. पण निर्गम सहायक बाई गंभीर झाल्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे काकांची ती सात पुस्तकं अशीच जन्माला आली होती.”

बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आमच्या पाकिटांत खोटा असा एकही कागद नव्हता. सर्व शब्द खऱ्या ग्रंथांतून घेतलेले, सर्व जोड्या खऱ्या नावांत आढळलेल्या. तरीही त्यांतून निघालेले नाव कोणत्याही ग्रंथाचे नव्हते. खोटे बोलायचे तर खरे काय ते आधी ठाऊक असावे लागते. आमच्या पाकिटांना ते ठाऊक नव्हते. कोणती चिठ्ठी कोणत्या ग्रंथाची, ही नोंद आम्ही चिठ्ठ्या करतानाच गमावली होती.

खरे यंत्र आणि आमची पाकिटे

आता कोणी म्हणेल की, एवढ्या मोठ्या शोधाची तुम्ही पाकिटांशी बरोबरी करता काय? तसे नाही. आमची पाकिटे चार शब्दांच्या पुढे गेली तर बरळू लागतात. आजचे यंत्र पानेच्या पाने सुसंगत लिहिते, भाषांतर करते, हिशेब समजावून देते. या अंतराची तीन मुख्य कारणे आम्ही शिकलो.

पहिले कारण शब्दांच्या पत्त्यांचे. वाचनालयात हे समजावणे सोपे गेले. मेल्विल ड्यूई याने १८७६ साली दशांश वर्गीकरण काढले, तेव्हापासून ग्रंथाला आकड्यांचा पत्ता मिळाला. त्या पत्त्यामुळे शेतीचे पुस्तक शेतीच्या पुस्तकाशेजारी बसते. यंत्रातही प्रत्येक शब्दाला, वस्तुतः शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला, आकड्यांचा पत्ता असतो. फरक इतकाच की कपाटाला डावे-उजवे आणि वर-खाली एवढ्याच दिशा, तर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जीपीटी-३ या यंत्रात एका तुकड्याचा पत्ता १२,२८८ आकड्यांचा होता. त्यामुळे ‘विहीर’ हा शब्द एका दिशेने ‘पाणी’जवळ, दुसऱ्या दिशेने ‘खोल’जवळ आणि तिसऱ्या दिशेने ‘बागायत’जवळ राहू शकतो. आमच्या पाकिटांना ‘विहीर’ आणि ‘आड’ यांचे नाते ठाऊक नसते. यंत्राला ते आकड्यांतून सापडते.

दुसरे कारण मागचापुढचा संदर्भ पाहण्याचे. ‘कर’ हा शब्द घ्या. ‘कर भरला’, ‘कर जोडले’, ‘काम कर’, तीन ठिकाणी तीन अर्थ. कोणता अर्थ घ्यायचा हे शेजारचे शब्द ठरवितात, आणि कधी कधी तो निर्णायक शब्द दहा ओळी मागे असतो. गूगलमधील आठ संशोधकांनी २०१७ साली एक रचना प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक शब्द मजकुरातील इतर शब्दांकडे पाहून, यांपैकी माझ्या अर्थाशी कोणाचा किती संबंध आहे, हे आकड्यांत तोलतो. आजची बोलकी यंत्रे मुख्यतः याच रचनेवर उभी आहेत.

तिसरे कारण शिकण्याच्या रीतीचे. येथे आम्ही सर्वांत जास्त अडखळलो, आणि सोडविले लिपिकाने. तो म्हणाला, खानावळीतल्या नव्या आचाऱ्याचे पाहा. पहिल्या दिवशी आमटी खारट झाली, गिऱ्हाइकांनी नाक मुरडले, दुसऱ्या दिवशी त्याने मीठ थोडे कमी केले. अळणी झाली, पुन्हा किंचित वाढविले. असे करता करता त्याचा हात बसला. यंत्राचेही तसेच. त्याला खरा मजकूर दाखवितात आणि पुढचा तुकडा झाकून ठेवतात. यंत्र अंदाज करते, मग झाकलेला तुकडा उघडतात. जितकी चूक, तितके आतले आकडे किंचित इकडेतिकडे सरकवितात, ज्या बाजूला सरकविल्याने चूक कमी होईल त्या बाजूला. आचाऱ्याला मीठ, तिखट, चिंच, गूळ असे चारपाच जिन्नस सांभाळावे लागतात. जीपीटी-३ मध्ये असे १७,५०० कोटी आकडे होते. ते बसविण्यासाठी मजकुराचे सुमारे ३०,००० कोटी तुकडे वापरले. मिनिटाला दोनशे तुकडे वाचणारा माणूस रोज दहा तास वाचीत बसला तर एवढे वाचून संपवायला त्याला ६,८०० वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यानंतरही काम उरतेच. माणसे बसवून त्यांना यंत्राची उत्तरे दाखवितात, यातले बरे कोणते ते विचारतात, आणि त्यावरून यंत्राला पुन्हा वळण लावतात. त्याच्या आर्जवी, आत्मविश्वासाच्या बोलण्याचे एक मूळ येथे आहे.

संभवनीय आणि खरे

एवढे शिकल्यावर आम्ही फोन उघडला आणि अशाच एका यंत्राला विचारले, “‘एक झाड आणि वल्ली’ या पुस्तकाची माहिती सांगा.” यंत्राने पुस्तकाचे मोठे सुंदर वर्णन केले. लेखक सांगितला, आशय सांगितला, भाषेचा गोडवाही वाखाणला. चिठ्ठ्या काढून आम्हीच बनविलेले पुस्तक ते! दोन महिन्यांनी दुसऱ्या एका यंत्राला तोच प्रश्न केला, तेव्हा त्याने असे पुस्तक सापडत नाही असे प्रामाणिकपणे सांगितले. अलीकडची यंत्रे उत्तर देण्यापूर्वी बाहेरचे मजकूर शोधून पाहू लागली आहेत, त्याचा हा गुण. म्हणजे यंत्रालाही अखेर कपाट उघडावे लागते, आणि कपाटात जे असेल तेवढेच ते पाहू शकते.

अशी फसगत आमच्या गावापुरती नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी यंत्राने दिलेले निवाडे न्यायालयात सादर केले. ते निवाडे कोणत्याही न्यायालयाने दिलेलेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. मे २०२५ मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचण्याजोग्या १५ पुस्तकांची यादी छापून आली. त्यांतील ५ च पुस्तके खरी होती. उरलेल्या दहांना नामवंत लेखकांची नावे चिकटविलेली होती, इझाबेल अयेंदे यांचेही. ती पुस्तके मागायला वाचक ग्रंथालयातच जाणार, आणि बोलणी तेथल्या कर्मचाऱ्याने खायची.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतील चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. यंत्राचे विक्रेते हेच आश्वासन देतात. आमच्या काकांना ती यादी एका मिनिटात मिळाली हे खरे. पण त्यापायी तिघांचे दोन दिवस गेले आणि काकांना मनस्ताप झाला तो वेगळाच. वाचलेला वेळ मोजताना हाही हिशेब धरावा लागतो.

यावरून यंत्र टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. आमच्या मंडळाने त्याच्याकडून पुष्कळ कामे करून घेतली. ग्रंथ समोर ठेवून त्याच्या प्रस्तावनेचा सारांश करविला, इंग्रजी पत्राचा मराठी मसुदा करविला, एकाच विषयाची वेगवेगळी शीर्षके सुचवून घेतली. जेथे उत्तर आपल्याला ताडून पाहता येते, तेथे ते चांगला मदतनीस आहे. जेथे ताडून पाहण्याचे साधन किंवा इच्छा नसते, तेथे ते धोक्याचे. आमच्या निर्गम सहायक बाईंनी याचा एक साधा नियम केला आणि आपल्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला, ‘दाखल क्रमांक सापडेपर्यंत पुस्तक नाही.’

मराठीचे काय?

मराठी माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटींहून अधिक आहेत. तथापि यंत्र बोलणाऱ्यांची संख्या पाहत नाही. लिहून, टंकून ठेवलेला मजकूर पाहते. जीपीटी-३ ला जो मजकूर दिला त्यातील शेकडा ९२ हून अधिक शब्द इंग्रजी होते. उरलेल्या आठांत जगातल्या बाकी सर्व भाषा. अलीकडच्या यंत्रांचे मराठी पुष्कळ सुधारले आहे, पण आपल्या तालुक्याची, आपल्या बोलीची, आपल्या जुन्या मासिकांची माहिती त्यांना तुटपुंजी असते, आणि माहिती तुटपुंजी असली म्हणजे ताडण्याला रान मोकळे. ते ज्ञान अद्याप आपल्या वाचनालयांच्या कपाटांत, वाळवीच्या तोंडाशी पडले आहे. ते नीट जतन करणे आणि त्याची नोंद ठेवणे हे कोणाचे काम, हे सांगायला नको.

श्रमाचा प्रश्न

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. यंत्र म्हटले की त्यामागचे हात कोणाचे, हे आम्ही आधी विचारतो. चित्रे ओळखणाऱ्या यंत्रांना ‘इमेजनेट’ नावाच्या संग्रहाने मोठी चालना दिली. त्यातील १ कोटी ४० लाख चित्रांवर काय काय आहे, हे जगभरच्या हजारो माणसांनी तुकड्यातुकड्याने पैसे घेऊन नोंदविले. बोलक्या यंत्राने अभद्र बोलू नये म्हणून किळसवाणा, हिंसक मजकूर वाचून त्यावर खुणा करण्याचे काम केनियातील कामगारांकडून ताशी दोन डॉलरहून कमी मजुरीत करून घेतल्याचे जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आले. त्याच वर्षी १ मे रोजी नैरोबी येथे अशा प्रकारची कामे करणाऱ्या दीडशेहून अधिक कामगारांनी आपली संघटना स्थापण्याचा ठराव केला. हे वाचून दाखविले तेव्हा शिपाईमामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिथंही शेवटी आपल्यासारखेच.”

यंत्र आणि कामगार यांचे भांडण नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली सहा महिने संप चालला. एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावे ही मालकांची योजना त्यातले एक मोठे कारण होते. बँकांत यांत्रिकीकरणाचा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि १९८३ साली व्यवस्थापन व संघटना यांच्यात त्याविषयी करार झाला. अमेरिकेतील चित्रपट-दूरचित्रवाणी लेखकांनी २०२३ साली १४८ दिवस संप केला आणि यंत्र वापरण्याची सक्ती लेखकावर करता येणार नाही, असे कलम मिळविले. या तिन्ही प्रकरणांत यंत्र चांगले की वाईट, एवढाच प्रश्न नव्हता. त्याने वाचलेला वेळ आणि पैसा कोणाकडे जाणार, आणि त्याच्या चुकीचा जबाब कोण देणार, हा प्रश्न होता.

मंडळापुढे आम्ही काय ठेवले

चौथ्या महिन्यात कर्मचाऱ्यांनी कार्यकारी मंडळाला एक पानाचे निवेदन दिले. ते आम्ही लिहिले नाही. त्या सहा जणांनी लिहिले, आणि हेच आम्हांला अधिक समाधानाचे वाटले. त्यात चार गोष्टी होत्या. यंत्राने दिलेली माहिती वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी कर्मचाऱ्याने ती नोंदवहीशी ताडून पाहावी, आणि त्या कामाचा वेळ कामात धरावा. कोण वाचक काय वाचतो ही नोंद कोणत्याही बाहेरच्या यंत्रात घालू नये. कर्मचाऱ्यांना या विषयाचे शिक्षण कामाच्या वेळात मिळावे. यंत्रामुळे वेळ वाचला तर तो वाचकांच्या सेवेत लावावा, त्याच्या नावावर जागा कमी करू नये.

निवेदनासोबत त्यांनी पाकिटे आणि चिठ्ठ्याही नेल्या आणि सभेत तोच खेळ मांडला. जागेऐवजी यंत्र सुचविणाऱ्या सभासदांनी स्वतः चिठ्ठ्या काढल्या. त्यांनाही एक सुरेख नाव मिळाले, आणि तेही कोणत्या ग्रंथाचे नव्हते. पहिल्या दोन गोष्टी मंडळाने मान्य केल्या. शिक्षणासाठी पंधरवड्यातून एक तास दिला. तिघांकडे मागितलेला खुलासा मागे घेतला. चौथी गोष्ट ‘विचाराधीन’ आहे. बाई गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या, त्यांची जागा अद्याप भरलेली नाही, आणि निर्गमाचे काम उरलेले पाच जण वाटून घेत आहेत. तेव्हा आमची हकिकत येथे संपली असे आम्हांला म्हणता येत नाही.

एक मात्र झाले. भीती गेली. पहिल्या बुधवारी ज्या यंत्राचे नाव काढताच चेहरे उतरत होते, त्याविषयी आता हीच माणसे वाचकांना समजावून सांगतात. ते यादीवाले काका मंडळात येऊन बसू लागले आहेत. पहिल्या दिवशी ओशाळले होते. मामांनी त्यांना चहा दिला आणि ‘एक झाड आणि वल्ली’ची गोष्ट सांगितली.

आपल्यापैकी कोणाला असे मंडळ काढायचे असेल तर फारसे काही लागत नाही. सहासात माणसे, आठवड्यातून एक तास, एक फळा आणि जुन्या कागदांच्या चिठ्ठ्या. आरंभ गाळलेल्या जागांपासून करावा, आणि एक वाक्य तरी असे ठेवावे की ज्याचे उत्तर उठून कपाट उघडल्याशिवाय मिळणार नाही. निवृत्त झालेल्या बाई अजूनही बुधवारी येतात. त्यांच्या टेबलावरच्या काचेखालचा कागद कोणी काढलेला नाही.